रिकाम्या क्रेटवरचा हात

बिरकत अल अवामेरच्या कामगार कॅम्पात सकाळी पाव उतरवून मी रिकामी व्हॅन दोहाला परत न्यायचो, तेव्हा महिन्यातून एकदा तो गेटपाशी उभा असायचा. साताऱ्याकडचा सुतार. नाव ना त्यानं सांगितलं, ना मी विचारलं. अंगात इस्त्रीचा शर्ट, डोक्याला चापून तेल. कोणी हटकलंच तर म्हणायचा, "डोळे दाखवायला चाललोय." मनाच्या डॉक्टरकडे जातोय, हे कॅम्पात कोण सांगेल?

कंपनीची बस रोज साइटवर जायची आणि शुक्रवारी बाजारात. शुक्रवारी ओपीडी बंद. मग माझी व्हॅनच राहिली.

सीटमागचे रिकामे क्रेट खडखडायचे. तो आवाज त्याला सोसवायचा नाही. रस्ताभर तो अंग वळवून एक हात त्यांच्यावर ठेवून बसायचा, बुजलेल्या वासराच्या पाठीवर ठेवावा तसा. असा हात ठेवला की गावाकडचं बोलायचा. त्याच्या गप्पांत वाट कधी सरायची, कळायचंच नाही.

एकदा मी म्हणालो, "फोरमनला सांगा की, गाडी देईल."

तो हसला. "पाय मोडला असता तर दिली असती, भाऊ. हे दुखणं कुठं बोट ठेवून दाखवू?"

पुढे मला पार उत्तरेकडच्या मदिनत अश शमालचा रूट मिळाला. मी त्याला हे सांगितलं, तेव्हाही त्यानं क्रेटवरचा हात काढला नाही. एवढंच म्हणाला, "मिळेल कोणी तरी. इन्शाल्ला."

उत्तरेचा हा रस्ता गुळगुळीत आहे, तरी क्रेट वाजतातच. वाजले की माझा हात आपसूक मागे जातो. गेटपाशी इस्त्रीचा शर्ट घालून तो अजून उभा असेल, असं वाटतं.