उजव्या पट्टीच्या मुंग्या

१९९१ च्या सुमाराला मनोरच्या एका हायस्कुलात चंद्रभान वानखेडे नावाचे गणिताचे सर होते. अकोल्याकडचे, एकटेच राहायचे. दहावीला प्रमेयं शिकवायचे खरे, पण जीव अडकला होता मुंग्यांत.

मुंगी चालताना वास सोडत जाते आणि मागची त्या वासावर चालते, असं त्यांनी एका मासिकात वाचलं होतं. मग हे समीकरणात बसलंच पाहिजे, असं त्यांनी मनाशी धरलं. ज्या वाटेने जास्त गेल्या, त्याच वाटेने पुढची जाण्याची शक्यता जास्त. प्रयोगशाळेच्या कोपऱ्यात, खिडकीपासून गूळ ठेवलेल्या स्टुलापर्यंत त्यांनी दोन सारख्या फूटपट्ट्यांचे पूल टाकले. स्टुलाचे पाय पाण्याच्या वाट्यांत. समीकरण सांगत होतं, एखाद्या दिवशी सगळी रांग डावीवरून जाईल, एखाद्या दिवशी उजवीवरून. नाणं उडवल्यासारखं.

पहिल्या दिवशी उजवी. दुसऱ्या दिवशी उजवी. नवव्या दिवशीही उजवीच.

सरांचं अन्नावरचं लक्ष उडालं. मुंगी जन्मतःच उजवी, असा सिद्धांत मांडून त्यांनी अकरा पानं लिहिली आणि समीकरणात एक नवा गुणांक घुसवला. त्याला वडिलांचं नाव दिलं. मुंबईच्या एका प्राध्यापकांच्या नावे पाकीट तयार झालं.

सर तिकिटं चिकटवत असताना शाळा झाडणारी बायडी आत आली. तिने डावी पट्टी ओल्या फडक्याने खसाखसा पुसली आणि बादली उचलली.

"बायडी," सर हळूच म्हणाले, "हे रोज करतेस?"

"रोज. हेडसर बोलतात ना, मुंग्या झाल्यात."

"आणि उजवी?"

"ती भिंतीला लागून हाय. हात नाय जात."

म्हणजे नऊ दिवस मुंग्या कालच्याच वासावर चालत होत्या. सर खालीच बसले.

"आधी सांगायचंस ना."

"तुमी इचारलं कुठं? तुमी त मुंग्यांनाच इचारत होते."

पाकीट फोडलं गेलं. पूल भिंतीपासून सरकले, बायडी दोन्ही पट्ट्या पुसू लागली. बारा दिवसांत सात वेळा डावी, पाच वेळा उजवी. समीकरण ताठ उभं राहिलं. वडिलांचा गुणांक तेवढा गेला, ते सरांना जरा लागलं. मोजणीला त्यांनी बायडीलाच बसवलं आणि प्राध्यापकांना धाडलेल्या नव्या पत्रात तसं लिहिलंही.

महिन्याभराने प्राध्यापकांचं उत्तर आलं. काम चांगलं आहे, पण मुंगीची जात कोणती? सरांना ती ठाऊक नव्हती. बायडीला होती, पण तिच्या बोलीत. सरांनी तेच नाव सुवाच्य अक्षरात लिहून पाठवलं.