सुगंधामावशीची टकटक

हे मी कुणाला सांगितलेलं नाही — बायकोलासुद्धा नाही. कितीदा ओठांवर आलं, आणि गिळलं. तुम्हाला सांगतो.

नवीन पनवेलला माझं स्कूटरचं गॅरेज आहे. सायलेन्सरचा आवाज ऐकून दुखणं ओळखणारा म्हणून नाव आहे माझं. आत खुळखुळलं की जाळी सुटली, भसाभसा ओरडली की खाऱ्या हवेनं पत्रा खाल्ला — गाडी दारात थांबायच्या आत सांगायचो. लोक वा वा करायचे. आणि ते डोक्यात गेलं होतं माझ्या, खोटं कशाला बोलू?

सुगंधामावशी गव्हाणची कोळीण. पायाशी मासळीची पाटी घेऊन स्कूटर अशी हाकायची, की डंपरवालेसुद्धा बाजू द्यायचे. काय बाई आहे ती! नवरा गेल्यावर गाडी शिकली, केस पांढरे झाल्यावर. बिल्डिंगखाली तिचा हॉर्न वाजला की बायका भांडी घेऊन खाली उतरायच्या. त्या गाडीवर तिला कुणाचं ऐकून घ्यावं लागत नव्हतं, पोटच्या मुलाचंही नाही. मला मनापासून आवडायची ती. म्हणूनच तर हे जड जातंय.

एकदा म्हणाली, "सकाली टकटक करतं रे. तुज्या दारान आलं का गप बसतं."

मी गाडी चालू केली, कान लावला. काही नाही. पुन्हा आली — पुन्हा काही नाही. तिसऱ्या खेपेला दारात गिऱ्हाइकं उभी होती, आणि मी मोठ्यानं म्हणालो, "मावशी, आवाज गाडीत नाही, तुझ्या कानात आहे." सगळे हसले. ती नाही हसली.

नेमका त्या दिवशी मुलगा बरोबर होता. आईनं गाडी सोडावी म्हणून तो कधीचा मागे लागलेला — वय झालं, भलतंसलतं ऐकू येतं, रस्त्यावर काही झालं म्हणजे? तो म्हणाला, "भाऊ, आज गाडी ठेवूनच घ्या. काही निघालं नाही, तर आई उद्यापासून गाडी चालवणार नाही."

मावशीनं माझ्याकडे पाहिलं. "तू सांगशील ता खरा," म्हणाली. एवढा भरवसा!

सकाळी गॅरेजात मी एकटाच होतो. गार पडलेली गाडी चालू केली, आणि — टकटक. स्पष्ट. सायलेन्सर इंजिनाला जोडतो तिथलं पॅकिंग जळालं होतं. इंजिन गार असताना फटीतून हवा वाजते. तापलं की लोखंड फुगतं, फट बुजते, आवाज बंद. गव्हाणहून माझ्यापर्यंत येईतो गाडी तापलेलीच असणार ना! साधी गोष्ट. गाडी गार करून ऐकावी, हे नवशिक्यालाही कळतं. आणि ती तर दर वेळी सांगत होती — सकाळी, सकाळी. काय कान बाईचे! समुद्राच्या वाऱ्यात, डोक्यावर हेल्मेट, तरी पकडलं तिनं.

मग मी काय केलं? पॅकिंग बदललं. जुनं मागच्या नाल्यात फेकलं. आणि ती दोघं आल्यावर सांगितलं — काही निघालं नाही.

का? आदल्या दिवशी चारचौघांत तिला हसलो होतो म्हणून. दुसरं काही कारण नाही. शोधून पाहिलं, सापडत नाही.

मुलानं चावी खिशात टाकली. मावशीनं पाटी उचलली आणि रिक्षा बघायला गेली. पुढे मुलानं गाडी विकली.

आता ती गव्हाणच्या नाक्यावर बसते. आमच्या सेक्टरात येत नाही. मी त्या बाजूला गेलो की लांबूनच हाक मारते, शेजारणींना सांगते, "ह्यो माणूस खरा हाय. दुसरा असता तर नसलेलं काम काढून लुटला असता." मी तिथं उभा राहून हे ऐकतो. माझी चामडी किती जाड असेल, बघा.

परवा मासळी साफ करता करता तिनं हळूच विचारलं, "खरंच आवाज नव्हता ना रे?"

तेव्हा सांगता आलं असतं. आजूबाजूला कुणी नव्हतंसुद्धा.

"नव्हता, मावशी," मी म्हणालो.

"मंग माजं कानच गेलं," ती म्हणाली, आणि चार बोंबील जास्तीचे घातले माझ्या पिशवीत. मी घेतले.