मंगल कोणाच्याच आवाजात गात नाही

ऑर्केस्ट्रात बावीस वर्षं काढलेल्या माणसाकडे गाण्यांपेक्षा किस्सेच जास्त साठतात. गाणं विसरलं तर शब्द मोबाइलवर सापडतात; किस्से मात्र गाडीत, पंगतीत, साउंड चेकच्या आधी कोणीतरी काढतंच. आमच्या जळगावच्या ऑर्केस्ट्रात हल्ली सगळे किस्से मंगलचे! माझे जुने किस्से कोणी विचारतही नाही. म्हटलं, तिचे तर तिचे, निदान सांगणारा तरी मी असू दे.

आधी माझी ओळख. मी एका फार मोठ्या, जुन्या गायकाचा हुबेहूब आवाज काढतो. नाव घेत नाही, आमच्या पोस्टरवर ते माझ्या नावापेक्षा मोठ्या अक्षरांत असतं. आमच्या धंद्याची रीतच अशी आहे, प्रत्येक गायक कोणाचा तरी 'आवाज' असतो. आम्ही तिघं गाणारे होतो, तिघांचेही आवाज उसने. मंगल येईपर्यंत त्यात कोणाला काही वावगं वाटलं नव्हतं.

*

मंगल साक्रीकडच्या खेड्यातली. मेहरूणला नानांच्या घरी वरच्या खोलीत आमची प्रॅक्टिस चालते, तिथे ती पहिल्यांदा आली. नाना म्हणजे आमचे मालक, कीबोर्डही तेच वाजवतात. मुलगी काळी, अंगानं भरलेली, आणि आवाज इतका जाड की मला वाटलं हिला सर्दी झालीय.

नानांनी नेहमीचा प्रश्न विचारला, "कोणाच्या आवाजात गातेस?"

मंगल गोंधळली. आमच्या अहिराणीत म्हणाली, "मन्हाच शे ना, नाना. दुसराना कोठून लयू?" म्हणजे, माझाच आहे, दुसऱ्याचा कुठून आणू?

आम्ही खो खो हसलो. सगळ्यात जास्त मी हसलो. घरी आलो, बाथरूमचं दार लावलं आणि म्हटलं, बघू या, आपण आपल्या आवाजात कसे गातो. तोंड उघडलं तर बाहेर कोण आलं? तोच, पोस्टरवरचा! तीनदा गायलो, तिन्ही वेळा तोच. पाणी थंड झालं, बायको दार वाजवायला लागली. त्या दिवसापासून ती पोरगी माझ्या डोक्यात बसली.

*

महिनाभरात तिनं स्वतःचं अहिराणी गाणं आणलं. 'काळी शे ते काळी शे, जाडी शे ते जाडी शे, मन्हा मायनी लाडकी शे!' काळी तर काळी, जाडी तर जाडी, माझ्या आईची लाडकी आहे! एवढंच कडवं, आणि तेच फिरून फिरून.

मी नानांना म्हटलं, "नाना, अहिराणी ही घरात बोलायची भाषा. स्टेजवर शोभते का?"

नाना म्हणाले, "बघू की."

बघितलं. धुळ्याच्या एका लग्नात मी माझं हुकमी दर्दभरं गाणं धरलं तेव्हा पाहुणे भरीत-पुरीच्या पंगतीकडे निघाले होते. मंगलनं पहिली ओळ टाकली आणि हातात पत्रावळ घेतलेल्या बाया परत फिरल्या! एक आजीबाई तर भरिताच्याच हातानं नाचल्या. बावीस वर्षांत माझ्यासाठी कोणी गरम भरीत सोडलेलं नाही.

*

रावेरकडे केळीच्या बागायतदारांकडची हळद होती. नवरी सावळी. पार्लरवालीनं तिला दोन तास बसवून इतकी गोरी केली होती की तिच्या सख्ख्या मामानं तिला ओळखलंच नाही. मंगलचं गाणं सुरू झालं. नवरी उठली, हौदावर गेली आणि खळाखळा तोंड धुऊन परत आली!

नवरीची आई संतापून स्टेजकडे निघाली. मला मनातून गुदगुल्या झाल्या. म्हटलं, आता बाईसाहेबांची सुट्टी! पण त्या आईला पार्लरवालीनंच मध्ये अडवलं.

"ताई, राहू द्या. पोरगी किती हसतेय बघा!"

आणि पाच मिनिटांत पार्लरवाली स्वतः तोंड धुऊन नाचायला आली. मी मात्र स्टेजमागे जाऊन पावडरचा अजून एक हात मारला. बिनमेकअपचा मी काही स्टेजवर जात नाही.

*

आता हे सांगताना लाज वाटते, पण सांगतो. पुढच्या पोस्टरवर नानांनी तिचा फोटो वर टाकला आणि माझा खाली. माझा नुसता जळफळाट झाला. कार्यक्रमाआधी नानांना म्हटलं, "गाणं जरा वरच्या पट्टीत घ्या, गाण्याला उठाव येईल." वरच्या पट्टीत तिचा आवाज चिरकणार, एवढं शास्त्र मला येतं. नाना भोळे, त्यांनी घेतलं.

मंगलनं पहिली ओळ धरायला पाहिली, थांबली आणि सरळ माइकमध्ये बोलली, "नाना, खाले उतरा! मी तठे ऱ्हात नही!"

अख्ख्या मांडवानं टाळ्या वाजवल्या. गाण्याच्या आधीच टाळ्या! मी आयुष्यभर दुसऱ्याच्या पट्टीत टाचा उंचावून उभा आहे. मला कधी सुचलं नाही, की बाबा रे, खाली उतर म्हणावं.

*

घरीही सुटका नाही. माझी बायको भाकरी थापताना तेच गुणगुणते. मी म्हटलं, "अगं, सूर बघ, कुठल्या कुठे चाललाय!"

ती म्हणाली, "मंगलचं गाणं आहे. यात सूर नाही चुकत, माणूस चुकलं तर चुकतं." आणि भाकरी उलटली. तिला हे कोणी शिकवलं, मला ठाऊक नाही.

*

आणि मग दोंडाईचाचं लग्न. लागोपाठ तीन दिवस तीन लग्नं झालेली, मंगलचा घसा पार बसला. मी मनातल्या मनात पेढे वाटले! आता पूर्ण कार्यक्रम माझा.

पहिलं गाणं झालं, दुसरं झालं, आणि मांडवात बायांनी धरलं, "काळी शे! काळी शे!" मी तिसरं सुरू केलं, तर ओरडा वाढला. नाना कीबोर्डवरून म्हणाले, "सुधाकर, तूच म्हण." मंगल स्टेजच्या कडेला खुर्चीवर, गळ्याला मफलर. तिनंही हातानंच खूण केली, म्हणा.

नाही म्हटलं असतं, तर पब्लिकनं उतरवलं असतं. मी घसा साफ केला, डोळे मिटले, नेहमीसारखं त्या मोठ्या गायकाला आठवलं आणि... काहीच आलं नाही! तो बिचारा जन्मात कधी अहिराणी बोलला नव्हता. 'शे' कसं म्हणेल तो? कुठे थरथर देईल, कुठे श्वास घेईल? नानांनी सुरुवात एकदा वाजवली, दोनदा वाजवली. समोर पुढच्या रांगेतल्या बाया हसायला लागल्या. बावीस वर्षांत मी पहिल्यांदा घाबरलो.

अहिराणी मी फक्त आईशी बोलतो. सकाळी गावाकडे फोन लावला की. दुसरं काही सुचेना, म्हणून तसंच, फोनवर बोलतो तसंच तोंड उघडलं. 'काळी शे ते काळी शे...'

जाडसर, जरा फाटका, कोणाचाच नसलेला आवाज. मंगल खुर्चीवरून उठून उभी राहिली.

तेवढ्यात आमचा साउंडवाला विलास, पंधरा वर्षं माझा माइक सांभाळणारा माणूस, दुसरा माइक घेऊन धावत स्टेजवर आला.

"सुधाकरभाऊ, थांबा, थांबा! हा माइक बिघडलाय, यातून कोणा भलत्याचाच आवाज येतोय!"