द्रागुतिन आणि आरपार वारा

माझा धाकटा भाऊ द्रागुतिन मरणाला भीत नाही, असं तो स्वतःच सगळ्यांना सांगतो. तो भितो फक्त आरपार वाऱ्याला. समोरासमोरच्या दोन खिडक्या एकदम उघड्या राहिल्या आणि मधून वारा गेला, की मध्ये बसलेल्या माणसाचे दिवस भरले, हे त्याचं पक्कं मत. आता खरं सांगायचं तर आमच्या पोझेगा गावात हे कोणाचं मत नाही? मान अवघडली, दाढ दुखली, कान ठणकला, सगळ्याला कारण तोच मेला वारा. पण बाकीचे नुसते भितात, द्रागुतिनने त्या भीतीवर संसार केला. जन्मभर त्याने गावातल्या खिडक्यांना काचा बसवल्या, फटींत लांबीचा लगदा भरून त्या बुजवल्या. त्याने बंद केलेली खिडकी उघडायची तर पुन्हा त्यालाच बोलवावं लागतं.

अशा माणसाच्या हृदयातली झडप उघडेना. जिना चढला की धाप, बोलता बोलता डोळ्यांपुढे अंधारी. डॉक्टरांनी सांगितलं, "झडप बदलावी लागेल. छाती उघडून, बेलग्रेडला. टाळाटाळ केलीत तर एप्रिल दिसायचा नाही."

ऐकून त्याची बायको देसांका लगेच तारीख विचारू लागली. द्रागुतिन म्हणाला, "बघू."

कोरोनाचा पहिला हिवाळा होता. मी त्यांच्या अंगणापलीकडेच राहते, त्यामुळे त्याच्या 'बघू'चे सगळे प्रकार मला घरबसल्या ऐकू येत. आधी दात आडवे आले. नवी झडप घालण्याआधी किडके दात काढून टाकायचे असतात. हा म्हणाला, "यांना छाती दुरुस्त करायचीय की तोंड, ते आधी ठरवू दे." दात निघाले. मग घरचा संत योहान, म्हणजे आमचं कुलदैवत, आडवा आला. जानेवारीत त्याचा दिवस असतो.

"त्या दिवशी घरात यजमान नाही? पाहुणे काय म्हणतील?"

"कुठले पाहुणे?" मी म्हटलं. "गर्दीला बंदी आहे. येणार मी एकटी, तीपण तोंड बांधून."

तरी तो थांबलाच. तिघांनी मेणबत्ती लावली, पाव कापला. देसांकाने सवयीने पन्नास माणसांचा स्वयंपाक केला होता. कोबीच्या पानात गुंडाळलेला तो खिमा-भात पुढे आठवडाभर आम्ही सकाळ-संध्याकाळ गिळत होतो.

शेवटी बेलग्रेडहून बोलावणं आलं. त्याला धीर द्यायला म्हणून आमचा शेजारी तिहोमिर फाटकाशी येऊन उभा राहिला. तो निवृत्त पोस्टमन, त्याच इस्पितळातून नुकताच बायपास करून आलेला.

"काही नाही रे, झोपायचं आणि उठायचं," तो म्हणाला. "जेवण अळणी, पण माणसं सोन्यासारखी. फक्त दोन स्वेटर घेऊन जा. खिडक्या उघड्या असतात."

"कुठल्या खिडक्या?"

"सगळ्याच. त्या रोगासाठी. हवा खेळती हवी म्हणतात."

"आणि दार?"

इथे तिहोमिरने खोटं बोलायला हवं होतं. पण जन्मभर टपाल वाटलेला माणूस, हातात येईल ते पोचवणारच. "दारही," तो म्हणाला.

द्रागुतिन तसाच घरात वळला आणि टोपी काढून खुंटीला अडकवली. "मी जाणार नाही."

"अरे, त्याशिवाय तू मरशील!" मी मागोमाग आत जाऊन म्हटलं.

"छाती फाडा, हाड कापा, काळीज काढून टेबलावर ठेवा, मी एक शब्द बोलणार नाही. पण कापलेल्या छातीवरून आरपार वारा? ही शस्त्रक्रिया नाही ताई, हा खून आहे."

"मग मर!" मी ओरडले. "आणि शवपेटीलाही लांबी भरून घे, आत वारा शिरायला नको."

घरी येऊन मी खूप रडले. तो कशाला भीत होता ते काय मला कळत नव्हतं? वाऱ्याला शिव्या देता येतात, खिडकी लावून त्याला बाहेर ठेवता येतं. छाती कापायच्या करवतीला कुठली खिडकी लावणार? आईवडिलांनंतर मला तो एकटाच. त्याच्याशिवाय मी भांडायचं तरी कोणाशी?

देसांका मात्र मुळातच कमी बोलते. घरात बोलायचं खातं द्रागुतिनकडे आहे.

दुसऱ्या दिवशी सकाळी त्याची हाक आली, "ताई, धाव! ही वेडी झालीय!"

मी कोट चढवून धावले. त्यांचं पुढचं दार सताड उघडं, बाहेर गुडघाभर बर्फ. त्याच बाजूची स्वयंपाकघराची खिडकीही उघडी. मधल्या बोळात बरोबर मध्यभागी स्टूल ठेवून देसांका बसलेली. डोक्यावरून नुकतीच न्हालेली, केसांतून पाणी गळतंय आणि अनवाणी पाय गार फरशीवर. मला धडकीच भरली. एवढं सगळं एकदम करणारं माणूस मी उभ्या जन्मात पाहिलं नव्हतं.

"देसांका, अगं केस ओले!"

"माहीत आहे."

"पाय उघडे!"

"तेही माहीत आहे." तिचे दात वाजत होते. "मागच्या खोलीतली खिडकीपण उघडलीय. याला हृदयाने मरायचंय ना, खुशाल मरू दे. मी वाऱ्याने मरते. दोघांचं एकदम उरकलं की पाद्रीबाबांचा एक हेलपाटा वाचेल."

द्रागुतिनने जाऊन पुढचं दार लावलं. ती शांतपणे उठली, दार उघडलं, परत येऊन बसली. त्याने स्वयंपाकघराची खिडकी लावली. ती उठली, उघडली, बसली. तो धापा टाकत मागच्या खोलीत गेला आणि बराच वेळ बाहेर आलाच नाही. पडला की काय म्हणून मी निघणार, तोच भिंतीला धरून आला आणि बूट घालायच्या बाकावर बसला. लोहाराच्या भात्यासारखी छाती वरखाली होत होती. तो नुसता बायकोकडे बघत राहिला.

"ऊठ, देसांका," तो हळूच म्हणाला. "जातो मी."

"शपथ घे."

"संत योहानाची शपथ, जातो. आता डोकं पूस."

आणि ती उठेचना, तेव्हा स्वतःच टॉवेल घेऊन तिचे केस खसाखसा पुसू लागला. मी तोंड फिरवून स्वयंपाकघराची खिडकी लावायला गेले. काम होतंच ते.

त्यानंतर दोन आठवडे देसांकाची मान अवघडलेली होती. मफलर गुंडाळून, मान वाकडी करून ती बाजारात जाई आणि विचारेल त्याला सांगे, "आरपार वारा लागला. द्रागुतिनसाठी." बायका हळहळत. लढाईतून परत आलेल्या शिपायालाही असा मान मिळत नाही.

द्रागुतिन तीन टोप्या आणि दोन स्वेटर घेऊन बेलग्रेडला गेला. फाटकाच्या आत फक्त त्याला घेतलं. आम्ही दोघी त्याची पिशवी पहारेकऱ्याच्या हातात देऊन बसने परत आलो. शस्त्रक्रियेच्या दिवशी आम्ही टेबलावर फोन ठेवून समोरासमोर बसलो. देसांकाने एकच मोजा तीनदा विणला आणि तीनदा उसवला. दुपारी फोन आला, "झालं, व्यवस्थित झालं." तिने रडत रडत मलाच मारलं, जवळ दुसरं कोणी नव्हतं म्हणून.

मग त्याचे फोन सुरू झाले. छातीबद्दल अवाक्षर नाही, सगळी तक्रार खिडकीची. तिथे जो तो डोक्यापासून पायापर्यंत पांढऱ्या पोशाखात, कोण डॉक्टर, कोण झाडूवाला, काही कळायचं नाही. यानेही एका पांढऱ्या पोशाखाला सांगितलं, "बाई, जरा ती खिडकी लावा, माझ्या छातीत वारा शिरतोय."

"आजोबा," तो पोशाख म्हणाला, "तुमच्या छातीत मी स्वतः हात घातलाय. तिथे वारा नाही, माझे टाके आहेत. खिडकी उघडीच राहील."

शस्त्रक्रिया करणाऱ्या मोठ्या डॉक्टरीणबाई होत्या त्या. यानंतर तो तोंडावर पांघरूण घेऊन पडून राहिला म्हणे.

घरी आला तो निम्म्याने वाळून. कापलेलं हाड सांधेपर्यंत हात खांद्याच्या वर न्यायचा नाही, वजन उचलायचं नाही, कुशीवर वळायचं नाही, खोकला आला तर उशी छातीशी आवळून धरायची. आमच्याकडे खिडक्यांच्या कड्या डोक्याच्या उंचीला असतात. म्हणजे याने जन्मभर ज्या खिडक्या बंद केल्या, त्या आता त्याला लावता येईनात. देसांका डॉक्टरांच्या हुकमाप्रमाणे सकाळ-संध्याकाळ खोलीत हवा घ्यायची. स्वतः डोक्याला रुमाल बांधून बाहेर पळायची आणि हा खुर्चीत बसून खिडकीकडे असा बघायचा, जसा काही घरात चोर शिरलाय आणि याचे हात बांधलेत.

मार्च उजाडला. एकदा देसांका बाजारात गेली होती आणि मी त्याच्याजवळ बसले होते. श्वास ओढून नळीतले तीन चेंडू वर उचलायचं ते खेळणं दिलं होतं त्याला. आता तिन्ही वर जात होते. रंग सुधारला होता, चिडकेपणाही परत आला होता. मी म्हटलं, "काही म्हण, देसांकाने तुला वाचवलं. ती तशी वाऱ्यात बसली नसती तर तू बेलग्रेडला गेलाच नसतास."

त्याने चेंडू खाली येऊ दिले. "वारा नव्हता," तो म्हणाला.

"म्हणजे?"

"मागच्या खिडकीला एकामागे एक अशी दोन तावदानं आहेत. हिने घाईत पडद्यातून हात घालून आतलं उघडलं. बाहेरचं मी थंडी पडायच्या आधीच चारी बाजूंनी लांबी भरून बंद केलंय, तिथून मुंगीही आत येणार नाही. मी जाऊन पाहिलं तर पडदा हलतसुद्धा नव्हता. दार आणि स्वयंपाकघराची खिडकी एकाच बाजूला, समोर काहीच उघडं नाही. गार हवा होती फक्त. आरपार वारा नव्हताच."

मला असा संताप आला! "अरे मेल्या, मग माहीत होतं तर कबूल कशाला झालास? मी इथे जीव मुठीत धरून उभी होते!"

"मला माहीत होतं, ताई. तिला कुठे माहीत होतं?"

मी त्याच्या हातातली नळी काढून टेबलावर ठेवली.

"माझ्यापेक्षा जास्त भिते ती वाऱ्याला," तो म्हणाला. "पोरं लहान होती तेव्हा त्यांना कधी दाराच्या तोंडाशी उभं राहू दिलं नाही तिने. आणि ओल्या केसांनी तशी बसली होती. तिच्या समजुतीप्रमाणे ती मरतच होती तिथे. आणि उठत नव्हती."

मग खोकला आल्यासारखं करून त्याने उशी उचलली आणि छातीशी घट्ट आवळून धरली. खोकला काही आला नाही.