बिभीषण सरांचा जोडलेला समुद्र

क्रांती चौकाजवळून रोज फुलंब्रीच्या शाळेत भूगोल शिकवायला जाणारे आमचे बिभीषण सर जन्मात पहिल्यांदा समुद्र पाहून आले आणि गल्लीभर मिरवले. किनाऱ्याचे फोटो कॉम्प्युटरवर जोडून केलेलं लांबलचक चित्र त्यांनी ऐटीत वर्गात लावलं.

"सर," वर्गातल्या सत्यशीला या पोरीनं विचारलं, "डावीकडं पाणी खडकाला टेकलंय, उजवीकडं नुसती वाळू. असं कसं?"

सरांना किनाऱ्यावरचा तो दिवस आठवला. निम्मे फोटो काढून त्यांनी मासे चापले, ताणून दिली आणि उरलेले उठल्यावर काढले. तोवर ओहोटी! अन् भरती-ओहोटी शिकवण्यात तर हयात गेलेली.

"सॉफ्टवेअरची चूक असंल."

"व्हय सर," म्हणत पोरगी विश्वासानं खाली बसली.

सरांना तिच्याकडं बघवेना. फळ्याकडं तोंड करून ते पुटपुटले, "नाय गं. मी झोपलो होतो."