भुशातला बर्फाचा माणूस

दौंडच्या शाळेत मला नोकरी लागली ती एका बाईंच्या बाळंतपणाच्या रजेवर. त्यांच्या बाळाचे माझ्यावर उपकार आहेत आणि ते मी विसरलेले नाही. आमच्या घराण्यात पदवी घेतलेली मी पहिलीच. शिरूरला वडिलांनी सगळ्या आळीला सांगून टाकलं होतं की पोरगी आता कायमची मास्तरीण झाली. रजेची जागा म्हणजे काय, हे त्यांना समजावून सांगायचं धैर्य मला बी.ए.च्या अभ्यासक्रमात कुणी शिकवलं नव्हतं.

संक्रांतीच्या आधी कळलं की त्या बाई परत येणार नाहीत. आता त्या जागेवर मला ठेवायचं की शाळासमितीच्या अध्यक्षांच्या भाचीला आणायचं, एवढाच प्रश्न उरला. भाची मॅट्रिक होती. पण भाची होती. अध्यक्ष स्वतः येऊन माझं काम पाहणार आणि मग ठरवणार, असं मोठ्या बाईंनी मला सांगितलं. मोठ्या बाई म्हणजे आमच्या मुख्याध्यापिका. त्या नुकत्याच पुण्याला शिक्षकांच्या शिबिराला जाऊन आल्या होत्या, आणि शिबिराहून परतलेल्या माणसाला थोडे दिवस सांभाळून घ्यावं लागतं.

शिबिरातून त्यांनी थंड देशातल्या मुलांचं एक चित्रांचं पुस्तक आणलं होतं. त्यात मुलं बर्फाचा माणूस करत होती.

"अध्यक्ष येतील त्या दिवशी मुलांकडून हिवाळ्याचा खाऊ करून घ्या," त्या म्हणाल्या. "खेळातून शिक्षण. असा बर्फाचा माणूस करायचा, भाताचा."

"हुरडा केला तर? हिवाळा पण झाला आणि..."

"हुरडा ती घरी खातातच. त्यात शिक्षण कसलं?"

हे खरंच होतं. मुलांना जे आधीपासून येतं त्याला शिक्षण म्हणत नाहीत, एवढं मलाही प्रशिक्षणात कळलं होतं. दौंडचा हिवाळा म्हणजे नदीवरून येणारा वारा, फुटलेल्या टाचा आणि शेकोटीपाशी बाजरीची भाकरी. पण त्याचं रंगीत चित्र कुणी छापलं नव्हतं, त्यामुळे तो हिवाळा शाळेत चालत नव्हता.

भाताचंही तसंच. आमच्या भागात भात शिजायचा तो पाहुण्याला नाहीतर आजाऱ्याला. मी तिसरीच्या मुलांना ओंजळभर तांदूळ आणायला सांगितले, तर एक आजी शाळेत चौकशीला आली.

"बाई, पोरास्नी काय झालंय? ताप-बीप आलाय का समद्यास्नी?"

"नाही आजी, बर्फाचा माणूस करायचाय."

"आन् मग?"

"मग खायचा."

आजीनं डोक्यावरचा पदर सावरला. "शिकलेली हायेस न्हवं," एवढंच म्हणून ती गेली.

ठरलेल्या दिवशी भात शिजला. दूध-साखर घालून मी तो मऊ मळून घेतला. वाटीनं मोठी मूद पाडायची, तिच्यावर छोटी मूद ठेवायची, झाला माणूस. डोळ्यांना मिरे, नाकाला गाजराची चकती, गळपट्टा म्हणून पावट्याची शेंग. चित्रातल्या उंच टोपीऐवजी अर्धं बोर. मुलांनी इतक्या आवडीनं केलं की माझाही शिबिरावर विश्वास बसू लागला. तेवढ्यात अध्यक्ष आल्याची वर्दी आली आणि मोठ्या बाईंनी मला फाटकाशी बोलावलं. मागाहून वळायच्या लाडवांसाठी करून ठेवलेल्या शेंगदाण्याच्या कुटाचं पातेलं मी वर्गातच ठेवून गेले.

अध्यक्षांना घेऊन आत आले तर ताटांत एकही पांढरा माणूस नव्हता. सगळे तपकिरी, खरबरीत, नखशिखांत कुटानं माखलेले. माझी नोकरी त्या ताटांत पडली आहे असं मला स्पष्ट दिसलं.

अध्यक्षांनी वाकून पाहिलं. "बाई, ही माकडं कशाची?"

मी तोंड उघडायच्या आत पहिल्या बाकावरची एक मुलगी उभी राहिली. तिचे वडील स्टेशनवर हमाल होते.

"माकडं न्हाईत. बर्फाची माणसं हायेत."

"बर्फ पांढरा असतो, पोरी."

"आतनं पांढराच हाय. वरनं भुसा लावलाय. भुसा न्हाई लावला तर इतळून जाईल की." तिनं कुटाच्या पातेल्याकडं बोट केलं.

तेव्हा माझ्या ध्यानात आलं. या मुलांनी बर्फ पाहिला होता तो स्टेशनवर गाडीतून उतरणारा, गोणपाटात गुंडाळलेला, लाकडाच्या भुशात लोळवलेला. बर्फ आकाशातून पडतो हे मी त्यांना सांगितलं होतं. पण त्याला भुसा लागत नाही, हे सांगायचं राहिलं होतं.

"कुणी सांगितलं तुला भुसा लावायला?" अध्यक्षांनी विचारलं.

"सांगायचं काय? तुमच्या दुकानात असाच येतो. माझा बाप आणून टाकतो."

अध्यक्षांचं बाजारात सोडा-सरबताचं दुकान होतं. मोठ्या बाई घाईघाईनं म्हणाल्या, "बस खाली."

ती बसली, पण मागचा एक मुलगा उठला. "गिलासात बी येतो भुसा. आमचे आप्पा म्हणत्यात, सरबत प्यायचं आन् भुसा थुकायचा."

वर्ग हसला नाही. मुलांच्या मते त्यात हसण्यासारखं काही नव्हतं, ती माहिती देत होती. अध्यक्षांनी एक माणूस उचलला, फुंकर मारून त्याच्या डोक्यावरचा कूट उडवला, बोराच्या टोपीसकट अर्धा खाल्ला आणि "गोड आहे" म्हणून निघून गेले.

शाळा सुटल्यावर मोठ्या बाईंनी मला खोलीत बोलावलं. मी ट्रंक कधी भरायची याचाच विचार करत गेले.

"तुम्हालाच ठेवायचं ठरलंय," त्या म्हणाल्या. आवाजात थोडं आश्चर्य होतं. "अध्यक्ष म्हणाले, आत्ता बाईंना काढलं तर गाव म्हणेल भुशापायी काढलं. उन्हाळा तोंडावर आलाय, त्यांना धंदा करायचाय."

मी त्यांच्या पाया पडले, आणि मनापासून पडले. त्या शाळेत पुढं मी निवृत्त होईपर्यंत शिकवलं. निरोप समारंभात वक्त्यांनी सांगितलं की माझी निवड निव्वळ गुणवत्तेवर झाली होती. मी मान खाली घालून हार घालून घेतला.