देश सोडण्याचा मावशीचा प्रयत्न

माझी मावशी एकतीस वर्षं सरकारी कचेरीत आवक-जावक विभागात होती. म्हणजे आलेल्या कागदावर शिक्का मारायचा, नंबर टाकायचा, आणणाऱ्याच्या हातात पोच ठेवायची आणि कागद आत पाठवायचा. आत गेल्यावर त्याचं काय होतं ते तिला कधी कळलं नाही आणि तिनं विचारलंही नाही. ज्या गोष्टीची पोच नाही ती तिच्या लेखी घडलेलीच नसते. काका गेले त्या दिवशी तिनं दवाखान्याच्या दाखल्यावरची वेळ सात मिनिटांनी दुरुस्त करून घेतली आणि मग रडायला बसली.

निवृत्त झाल्यावर तिसऱ्या आठवड्यात ती इथे, परदेशात, ताईच्या दारात बॅग घेऊन उभी राहिली. ताई म्हणजे तिची मुलगी, माझी मावसबहीण. मी ताईकडेच राहते आणि इथल्या एका छापखान्यात काम करते. ताईला सहावा महिना सरत होता. हे तिचं दुसरं बाळंतपण. पहिलं सहा वर्षांपूर्वी आठव्यातच झालं आणि बाळ राहिलं नाही. तेव्हा मावशी आली नव्हती. कचेरीची वार्षिक तपासणी होती, रजा मंजूर झाली नव्हती. या विषयावर दोघी कधी बोलल्या नाहीत. या वेळी मावशी आली, एवढंच.

तिच्या व्हिसावर येण्याचं कारण 'पर्यटन' असं होतं. दोन महिन्यांत तिनं पाहिलेली स्थळं म्हणजे ताईचं स्वयंपाकघर, गच्ची आणि कोपऱ्यावरचं औषधांचं दुकान.

मुदत संपायला तीन आठवडे असताना सीमेवर गोळीबार सुरू झाला. आमचा देश आणि हा देश यांच्यात एका डोंगराच्या माथ्यावरून जुना वाद आहे. तिथे गवतसुद्धा धड उगवत नाही असं भावोजी सांगायचे. भावोजी मालट्रक चालवतात. फरशा उतरवायला पलीकडे गेले आणि मागे सीमेवरचं गेट बंद झालं. विमानंही थांबली. इकडे ताईचं ब्लडप्रेशर वाढलं आणि डॉक्टरीणबाईंनी तिला पलंगावरून उठायचं नाही म्हणून सांगितलं.

एरवी व्हिसा वाढवण्यात काही अवघड नसतं. मुदत संपायच्या आदल्या दिवशी लोक बसनं गेटावर जातात, पलीकडे पन्नास पावलं चालतात, चहा पितात आणि नवा शिक्का घेऊन परत येतात. इथे त्याला फेरी मारणं म्हणतात. आता फेरी बंद. आणि मुदतीनंतर राहिलेल्यांना शहराबाहेरच्या एका बंद पडलेल्या गिरणीत नेऊन ठेवायला सुरुवात झाली होती, गेट उघडेपर्यंत. मावशीची मुदत मंगळवारी संपत होती. ताईची तारीख त्यानंतर साधारण पाच आठवड्यांनी होती.

शुक्रवारी आम्ही व्हिसा कचेरीत गेलो. खिडकीत एक बारीक अंगाचा कारकून होता.

"मुदत वाढवायची आहे," मावशी म्हणाली.

"पर्यटकांची मुदत वाढत नाही. बाहेर जाऊन परत या."

"गेट बंद आहे."

"ते आमच्या खात्यात येत नाही."

"पण बंद आहे हे तुम्हाला माहितीये ना?"

"मला माहितीये. कचेरीला माहीत नाही. तसं पत्र आलेलं नाही."

मागच्या रांगेत एक माणूस डोक्याला हात लावून भिंतीला टेकला. मावशीनं मात्र मान डोलावली, कागद गोळा केले आणि निघाली.

"बरोबर आहे त्याचं," ती जिन्यात म्हणाली.

"काय बरोबर आहे, मावशी? मंगळवारी तुला गिरणीत नेऊन बसवतील."

"माणूस चांगला आहे गं. पण सही करायला त्याला टेकू कुठाय? मी त्याच्या जागी असते तर हेच केलं असतं."

"केलंयस कधी?"

"रोज."

फाटकाबाहेर एक एजंट प्लास्टिकच्या पिशवीत फॉर्म घेऊन बसला होता. त्यानं आजारपणाचा दाखला मिळवून देतो म्हणून सांगितलं.

"मला काय झालंय म्हणून लिहिणार?" मावशीनं विचारलं.

"काहीही लिहू, काकू. कंबर?"

"कंबर ठीक आहे माझी."

"गुडघे?"

"गुडघ्यांचा खरा दाखला घरी आहे. पण तो व्हिसाच्या कामाचा नाही." मग माझ्याकडे वळून म्हणाली, "सोमवारी सुट्टी टाक. देश सोडायला जायचंय."

सोमवारी सकाळी तिनं खरीखुरी बॅग भरली. चार साड्या, टॉवेल, गोळ्या, चष्म्याचं घर. ताई पलंगावरून बघत होती.

"आई, नाटकच करायचंय तर रिकामी बॅग ने की."

"नाटक कसलं? मी जायला निघालेय."

"आणि जाऊ दिलं तर?"

मावशीनं चेन ओढली. "दुधाचं पातेलं झाकलंय. उठू नकोस. खालच्या शिंपीणबाई दुपारी येऊन बसतील."

बसमध्ये आम्ही धरून पाच जण होतो. "गेट बंद आहे, ठाऊक आहे ना?" कंडक्टरनं विचारलं. "म्हणूनच चाललोय," मावशी म्हणाली. त्यानं पुढे काही न विचारता तिकिटं फाडली.

तीन तासांनी गेट आलं. रस्त्याच्या कडेला ट्रक उभे होते आणि ट्रकांच्या सावलीत ड्रायव्हर झोपले होते. डोंगरामागून मधूनमधून आवाज यायचा, वरच्या मजल्यावर कुणी कपाट सरकवल्यासारखा. पासपोर्टच्या खिडकीला साखळी आणि कुलूप. चालू होती ती फक्त माल तपासणीची खिडकी. माल नव्हता, पण हजेरी होती. आत एक तपासनीस टेबलावर वर्तमानपत्र पसरून घरचा मटार सोलत होता.

"मला देश सोडायचाय," मावशी म्हणाली.

"गेट बंद आहे, काकू."

"म्हणजे सोडता येणार नाही?"

"नाही."

"नक्की?"

त्यानं डोंगराकडे बोट केलं. "ऐकू येत नाही का?"

"येतंय. मग तसं लिहून द्या. मी आले, जायची तयारी होती, जाता आलं नाही."

"असं काही लिहायची पद्धत नाही."

"पद्धत मी सांगते." मावशीनं पिशवीतून तयार अर्ज काढला. विषय, संदर्भ, महोदय, सगळं जागच्या जागी होतं. तपासनिसानं हात पुसले आणि तो दोनदा वाचला. एकतीस वर्षांचा हात होता, खोट काढायला जागा नव्हती.

"सामान कुठाय?"

मावशीनं बॅग उघडून दाखवली. त्यानं साड्या बघितल्या, गोळ्या बघितल्या. चष्म्याचं घर बघितल्यावर त्याचा चेहरा बदलला.

"खरंच जायचंय तुम्हाला," तो म्हणाला.

"हो तर."

"घरी कुणी आजारी आहे का?"

"घरी सगळे आपापल्या जागी आहेत."

त्यानं काय समजायचं ते समजून घेतलं. खुर्चीतून उठला, बाहेर येऊन इकडेतिकडे पाहिलं आणि हळू आवाजात म्हणाला, "हे बघा. दोन वाजता एक रुग्णवाहिका पलीकडे जाणारेय. ड्रायव्हर माझ्या ओळखीचा आहे. तुम्हाला पुढे बसवून देतो. वयस्कर बाई, कोण अडवणार? माझी आई असती तर मीच नेलं असतं."

तेव्हा पावणेदोन झाले होते. मी मावशीकडे पाहिलं. नाही म्हणावं तर जायची तयारी नव्हती हे उघड. हो म्हणावं तर ताई पलंगावर एकटी. समोरचा माणूस इतक्या मायेनं बघत होता की त्याला तोंडावर खोटं सांगणंही अवघड.

मावशीनं बॅगेची चेन लावली. "ही परवानगी लेखी आहे का?"

"लेखी कसली? ओळखीनं."

"मग नको."

"अहो काकू, अशी संधी परत येणार नाही."

"एकतीस वर्षं मी कागदाशिवाय कुणाला पुढे सोडलं नाही. माणसं रडली, भांडली, एकानं तर दौत फेकून मारली. आता स्वतःसाठी मागच्या दारानं जाऊ? मी जाईन ती नियमानं जाईन. नियमानं जाता येत नसेल तर तसं लिहून द्या."

तपासनिसानं आत जाऊन मटार बाजूला सारला आणि खण उघडला. "माझ्याकडे मालाचेच शिक्के आहेत. एक 'सोडावे', एक 'अडवावे'."

"अडवावे चालेल."

शिक्क्याखाली रकाने होते. 'नग' समोर त्यानं एक लिहिलं. बाकीचे सोडून सही करायला गेला तर मावशी म्हणाली, "रकाना रिकामा ठेवू नका. मागाहून कुणी काहीही भरतं." म्हणून त्यानं 'मालाचा प्रकार' समोर प्रवासी लिहिलं. 'बांधणीची स्थिती' पाशी थांबला.

"काय लिहू?"

"तुम्हाला कशी दिसतेय?"

"सुस्थितीत," त्यानं लिहिलं आणि सही केली.

परतीच्या बसमध्ये मावशीनं बॅग मांडीवर घेतली होती आणि दोन्ही हात तिच्यावर दाबून धरले होते.

"आणि त्यानं लेखी आहे म्हणून सांगितलं असतं तर?" मी विचारलं.

"तर गेले असते."

"खरंच?"

"नाही," मावशी म्हणाली आणि खिडकीबाहेर बघायला लागली.

मंगळवारी खिडकीतल्या कारकुनानं तो कागद वरपासून खालपर्यंत वाचला.

"हा नग म्हणजे तुम्ही?"

"हो."

"सुस्थितीत?"

"कालपर्यंत तरी."

तो हसला नाही. कागदाला भोक पाडून फायलीत लावला. त्याला टेकू मिळाला होता. दुपारपर्यंत आदेश हातात आला: गेट उघडेपर्यंत राहण्यास परवानगी, त्यानंतर सात दिवसांत देश सोडावा. तारीख नव्हतीच. तारीख आता डोंगरावर ठरणार होती.

खरी पंचाईत त्यानंतर झाली. मावशी मुळात सरळ मनाची बाई, उभ्या आयुष्यात तिनं कुणाचं वाईट चिंतलेलं नाही. पण रोज सकाळी ती पहिल्यांदा सीमेची बातमी वाचायची, आणि बोलणी फिसकटली असं आलं की त्या दिवशी दोन घास जास्त जेवायची.

"आई, तू आत्ता पेपर वाचून हसलीस," ताई एकदा पलंगावरून म्हणाली.

"हवामान वाचत होते."

"हवामान मागच्या पानावर असतं."

मावशीनं पेपर घडी करून उशीखाली घातला. त्याला कारण होतं. खालच्या शिंपीणबाईंचा मुलगा त्याच डोंगरावर होता. शिंपीणबाई दुपारी वर यायच्या, ताईच्या पायांपाशी बसून बाळासाठी झबली शिवायच्या आणि विचारायच्या, "आज काही आलंय का हो? थांबणार म्हणतात का?" मावशी म्हणायची, "थांबेल हो, थांबेल." आणि मग स्वयंपाकघरात जाऊन धुतलेलीच भांडी पुन्हा धुवायची. दुसऱ्या आठवड्यापासून तिनं पेपर वाचणं बंद केलं. शिंपीणबाईंना वाचून दाखवायचं काम माझ्याकडे आलं.

ताईच्या तारखेला नऊ दिवस उरले असताना, गुरुवारी संध्याकाळी, लढाई थांबली. खालून शिंपीणबाईंचं मशीन एकदम बंद झाल्याचं ऐकू आलं, मग त्यांचं रडणं. मावशी चपला न घालता खाली गेली आणि तासभर त्यांच्याजवळ बसली. वर आली तेव्हा तिचेही डोळे लाल होते.

"गेट उद्या उघडतंय," मी म्हणाले. "पण फक्त आपापल्या देशात परतणाऱ्यांसाठी. नवीन कुणाला आत घेत नाहीयेत." म्हणजे फेरीही नाही आणि भावोजीही येणार नव्हते.

"चांगलं झालं," मावशी म्हणाली. "माणसं मरायची थांबली."

"आई," ताई म्हणाली, "तुला वाईट वाटलं तरी चालेल."

"मला कशाला वाईट वाटेल?" मावशीनं तिचं पांघरूण सारखं केलं. बराच वेळ करत राहिली. मग म्हणाली, "येत्या सोमवारी थांबली असती तरी चाललं असतं."

ताई आधी हसली आणि मग तिला हसू आवरेना, पोट धरून हसली, आणि मावशी तिला हसू नकोस, ब्लडप्रेशर वाढेल, असं रागावत राहिली.

शुक्रवार गेला, शनिवार गेला. मावशी रोज ताईच्या पोटावर हात ठेवून आत काय चाललंय याचा अंदाज घ्यायची. बॅग दारापाशी भरलेली होती. बुधवारी दुपारी ताईचं ब्लडप्रेशर पुन्हा चढलं आणि डॉक्टरीणबाई म्हणाल्या, थांबायचं नाही, दाखल करा. दवाखान्यात मावशी तिच्या उशाशी बसली ती उठलीच नाही. मधे एकदा ताई कळा देता देता म्हणाली, "मागच्या वेळी ना, मी तुझी सारखी वाट बघत होते."

"माहितीये मला," मावशी म्हणाली. "मीही कचेरीत बसून घड्याळच बघत होते."

एवढंच बोलणं झालं. पण ते सहा वर्षांत पहिल्यांदा झालं.

गुरुवारी सकाळी मुलगी झाली. बारीक, पण आवाज दणकट. शुक्रवार मावशीचा शेवटचा दिवस होता. गेट संध्याकाळी सहाला बंद व्हायचं, बस तीन तासांची. साडेअकराची बस पकडायची असं तिनंच ठरवलं होतं.

सव्वाअकराला ती बॅग घेऊन वॉर्डात आली. पाळण्यात बाळ झोपलं होतं.

"उठवू का?" ताईनं विचारलं.

"नको. झोपू दे. निघते मी."

"बरं."

मावशी निघाली नाही. पाळण्याचा कठडा धरून उभी राहिली. मी दोनदा घड्याळाकडे पाहिलं, तिसऱ्यांदा पाहायचं सोडून दिलं. खिडकीतून समोरचा थांबा दिसत होता. बस आली, दोन माणसं चढली, बस निघाली. मावशीनं ती वळणापर्यंत जाताना पाहिली. आयुष्यात तिची कधी बस चुकल्याचं मला आठवत नाही.

"पुढची दीडला आहे," मी म्हणाले.

"माहितीये," मावशी म्हणाली. तिनं बॅग पलंगाखाली सरकवली आणि बाळाला उचललं.